तलाव एक, मालक पाच

मृगाचे पहिले मोठे पाऊस पडले, नाले वाहू लागले की भंडारा-गोंदियाकडच्या जुन्या तलावांतला मागूर मासा काठाकडे सरकतो. त्याला हवेतला श्वास घेता येतो आणि ओल्या गवतातून तो थोडं अंतर सरपटतही जातो. वर्षभर तो तलावाच्या गाळात राहतो, पण अंडी घालायला त्याला तिथलं खोल पाणी चालत नाही. त्यासाठी उथळ, नुकतंच साचलेलं, गवताचं पाणी हवं असतं. म्हणून तो तलावात येणाऱ्या नाल्याने वर चढतो, नाहीतर सांडव्यावरून वाहणाऱ्या पाण्याबरोबर खाली धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, उतरतो. पिल्लं मोठी झाली आणि पाणी ओसरू लागलं की त्यांना परत तलावात यायचं असतं.

हा सगळा प्रवास जेमतेम काही शे मीटरचा. पण सातबारा आणि सरकारी नोंदी काढून बसलं तर दिसतं की एवढ्याशा अंतरात मासा पाच वेगवेगळ्या मालकांच्या हद्दी ओलांडतो. तलावाच्या वरचं जंगल एकाचं, काठाची जमीन दुसऱ्याची, पाळ (पाणी अडवणारा मातीचा बांध) आणि पाणी सोडण्याची व्यवस्था तिसऱ्याची, खालच्या बांध्या चौथ्याच्या, आणि खुद्द मासा पाचव्याचा. सत्तरेक वर्षांपूर्वी असं नव्हतं. जमिनीची मालकी बदलली की पाण्याचं आणि माशांचं काय होतं, हे समजून घ्यायला महाराष्ट्रात या तलावांइतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा काही भाग मिळून असे सहा ते सात हजार तलाव आहेत. सरकारी कागदात त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात आणि बोलण्यात ‘मामा तलाव’. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा झाडीपट्टीचा मुलूख. पाऊस भरपूर, पण तो तीन-चार महिन्यांत पडून जाणारा, आणि पीक धानाचं. रोवणीच्या वेळी पावसाने दडी मारली किंवा लोंबी भरताना शेवटचं पाणी मिळालं नाही तर धान गेलं. त्यामुळे उतारावरचं पाणी अडवून ठेवण्यावाचून इथे शेती होणंच शक्य नव्हतं.

तलावाची रचना वरवर साधी आहे. उताराच्या खालच्या अंगाला मातीची पाळ असते. पाळीत पाणी सोडण्याची जागा, तिला तुडूम म्हणतात. त्याला वेगवेगळ्या उंचीवर भोकं असतात. आधी वरचं उघडायचं आणि पाणी उतरेल तसं खालचं. पाळीच्या एका टोकाला सांडवा, जादा पाणी निघून जायला. तुडुमातून निघालेलं पाणी पाटाने थोडं पुढे जातं आणि मग एका बांधीतून दुसऱ्या बांधीत असं उतरत जातं. प्रत्येक शेताला वेगळा पाट नसतोच. म्हणजे माझ्या बांधीतलं पाणी शेजाऱ्याच्या बांधीतूनच यायचं, त्यामुळे कुणी कधी धुरा (शेताचा बांध) फोडायचा हे गावाने मिळून ठरवावं लागतं. एका तलावाचं सांडव्याचं पाणी बऱ्याचदा खालच्या तलावात जातं, त्याचं आणखी खालच्या, आणि शेवटी नाल्याने नदीत. पावसाळ्यात ही एक सलग ओली वाट तयार होते. नदीतले मासे त्या वाटेने वर येत आणि तलावातले खाली जात.

माशाच्या दृष्टीने तलाव म्हणजे नुसतं साठलेलं पाणी नव्हे. मधला खोल भाग उन्हाळ्यात जीव वाचवायला लागतो. काठाकडचा उथळ भाग, जिथे कमळं, पाणवनस्पती आणि देवधानासारखं जंगली धान उगवतं, तो अंडी घालायला आणि पिल्लं वाढायला लागतो. मरळ तर पाणवनस्पती बाजूला सारून मोकळी जागा करते, तिथे अंडी घालते आणि तांबूस-नारिंगी पिल्लांच्या थव्याची नर-मादी दोघं मिळून राखण करतात. वनस्पतीच नसतील तर मरळीला घर नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे वर सांगितलेली जाण्यायेण्याची वाट. खोल पाणी, हिरवा काठ आणि मोकळी वाट, यांतलं एक जरी तुटलं तरी मासळी कमी होते. पाणी काठोकाठ भरलेलं असलं तरीही.

आता मालकीकडे येऊ. हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्यांच्या, नावाने ओळखले जात असले तरी त्यांतले कितीतरी त्याआधीचे आहेत. चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजवटीत जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळे, अशी परंपरा सांगितली जाते. कोहळी समाजाने हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं. अठराव्या शतकातल्या नवेगाव बांध तलावाचं श्रेय कोलू पाटील कोहळी यांना दिलं जातं. या व्यवस्थेतली मेख लक्षात घ्यायला हवी. इथे जमिनीचा हक्क पाणी राखण्याच्या कामातून जन्माला येत होता. पाळ टिकली तरच जमीन भिजणार, आणि जमीन भिजली तरच वतनाला अर्थ.

१८५३-५४ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. त्यानंतरच्या जमाबंदीत इंग्रजांनी सारा गोळा करणाऱ्या पाटील-मालगुजारांना गावाचे मालकच करून टाकलं. शेतं, पडीक, जंगल, तलाव सगळं त्यांच्या नावावर गेलं. गावकऱ्यांना तलावाचं पाणी, गुरांना चराई, जळणाचं लाकूड अशा गोष्टींचे जे हक्क वहिवाटीने होते, ते ‘निस्तार’ म्हणून नोंदले गेले, पण मालकी एकाची.

हा काळ सोन्याचा होता असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पाळीची दरवर्षीची डागडुजी गावाच्या श्रमावर चाले आणि त्यात वेठही असे. ढिवर समाज मासे पकडे, शिंगाडा लावी, पण मालगुजाराच्या मर्जीने आणि त्याला वाटा देऊन. ही व्यवस्था जायलाच हवी होती. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. मालगुजाराची स्वतःची सर्वांत चांगली जमीन तलावाखालीच असे. पाळीला भगदाड पडलं तर पहिलं नुकसान त्याचं. वरचं जंगल तोडलं तर गाळ त्याच्याच तलावात. काठ, पाळ, जंगल आणि शेत यांचा संबंध सांभाळण्यात त्याचा स्वार्थ होता. मासळी टिकली ती कुणी तिच्यासाठी काही केलं म्हणून नाही, हा संबंध अखंड राहिला म्हणून.

३१ मार्च १९५१ या दिवशी हे सगळं बदललं. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होती. त्या राज्याने १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द केली आणि मालगुजारांचे मालकी हक्क सरकारजमा झाले. काही तलाव खासगी राहिले, पण ज्यावर गावाचे सिंचनाचे हक्क होते असे बहुतेक सरकारकडे आले. कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला आणि वेठ संपली. पुढे १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा झाल्या आणि लहान तलाव त्यांच्याकडे सोपवले गेले, तर मोठे पाटबंधारे खात्याकडे राहिले.

सुधारणा न्यायाची होती. पण ती करताना एका सलग गोष्टीचे तुकडे झाले, आणि तुकडे जोडून ठेवण्याचं काम कुणाच्याच वाट्याला आलं नाही. वरचं जंगल वन विभागाकडे गेलं, काही झुडपी जंगल म्हणून महसुलाच्या नोंदीत राहिलं. पाण्याखालची आणि काठाची जमीन सरकारी. पाळ, तुडूम आणि सांडवा जिल्हा परिषदेच्या लघुसिंचनाकडे. खालच्या बांध्या शेतकऱ्यांच्या. मासेमारीचा हक्क ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेकडे. प्रत्येकाच्या कागदात आपला तुकडा नीट लिहिलेला आहे. मागुराची वाट मात्र कुणाच्याच कागदात नाही.

याचे परिणाम एकदम दिसले नाहीत, हळूहळू साचत गेले. पहिला फटका डागडुजीला बसला. वेठ गेली, पण तिच्या जागी गावाच्या संमतीने चालणारी दुसरी व्यवस्था उभी राहिली नाही. पाळ सरकारची, मग दुरुस्तीही सरकारने करावी, असं लोकांना वाटणं साहजिक होतं. सरकारकडे हजारो तलाव आणि मोजका निधी. पाणीपट्टी कुणी भरायची, निस्तारात कुणाचा हक्क, यावरून वाद झाले. तुडुमं गळू लागली, सांडवे ढासळले. कुठे शेत बुडू नये म्हणून सांडवा खाली केला गेला, म्हणजे तलावच कमी भरू लागला.

दुसरा फटका काठाला. सरकारी जमीन म्हणजे कुणाचीच नाही, असा समज आपल्याकडे फार लवकर रुजतो. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर पीक घेणं जुनंच आहे आणि भूमिहीनाला त्याचा आधारही असतो. पण गाळपेराची हद्द दरवर्षी चार पावलं आत सरकू लागली. नांगरलेल्या काठावर देवधान उगवत नाही. ज्या काठाकडे कुणी पाहिलंच नाही तिथे बेशरम हे तण माजलं. त्याच्या दाट झुडपांत स्थानिक पाणवनस्पतींना जागाच उरत नाही, आणि त्यांच्यावर वाढणारे किडे, गोगलगायी, बारीक मासळीही जाते.

तिसरा बदल खालच्या शेतांत झाला. जमीन कसणाऱ्याच्या नावावर आली, मग वारसांत वाटली गेली. झाडीपट्टीत तलावाशिवाय शेतकऱ्यांच्या स्वतःच्या बोड्या असत, म्हणजे शेतातलीच छोटी तळी. आजोबाच्या दहा एकरांत बोडीला जागा होती. तीन मुलांत आणि सात नातवांत वाटणी झाल्यावर बोडी ज्याच्या हिश्शाला आली त्याला ती परवडेना. ती बुजवून त्याने बांधी केली. त्याला दोष कसा देणार? पण बोडी ही माशांच्या वाटेतली विसाव्याची जागा होती आणि ती हजारो ठिकाणी गेली. ज्यांचे वारस नागपूर-पुण्याला गेले त्यांची शेती ठेक्याने किंवा बटईने दिली जाते. एका हंगामासाठी शेत घेणारा माणूस धुरा मजबूत करायला, नाल्याचं तोंड मोकळं ठेवायला मजुरी का खर्च करील? तो तणनाशक मारतो, पीक काढतो आणि पुढच्या वर्षी कदाचित दुसरंच शेत घेतो. आणि धानाच्या बांधीत तणनाशक-कीटकनाशक पडलं की तिथे अंडी घालणाऱ्या मागुराचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

मोटारपंप आल्यावर आणखी एक गोष्ट बदलली. तुडुमाच्या सगळ्यांत खालच्या भोकाखालचं पाणी पूर्वी कुणी काढू शकत नसे. ते उन्हाळ्यात गुरांना, कपडे धुवायला आणि माशांना उरे. पंपाला ही मर्यादा नाही. उन्हाळी धानासाठी तलावातून थेट उपसा सुरू झाला की मे महिन्यात उरतो तो भेगाळलेला गाळ. मागूर, शिंगी, मरळ चिखलात काही काळ तग धरतात. बाकीच्यांना ते जमत नाही.

माशांच्या हक्काची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण सगळ्यांत खोल बदल तिथे झाला. स्वातंत्र्यानंतर मच्छीमारांच्या सहकारी संस्था झाल्या आणि तलाव त्यांना ठराविक वर्षांच्या ठेक्याने मिळू लागले. ढिवरांना मालगुजाराच्या मर्जीतून सोडवणारं हे पाऊल होतं. त्याच सुमाराला, १९५७ मध्ये, कटकला हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी कार्प माशांना संप्रेरकाची टोचणी देऊन त्यांच्याकडून अंडी घालून घेण्यात यश मिळवलं. रोहू, कतला, मृगळ हे वाहत्या नदीत प्रजनन करणारे मासे, साठलेल्या तलावात ते सहसा अंडी घालत नाहीत. आता त्यांचं बीज केंद्रात तयार करून पाहिजे त्या तलावात सोडता येऊ लागलं. पुढे गवत्या, चंदेरी आणि सायप्रिनस हे परदेशी मासेही आले.

देशाला मासळी मिळाली, आणि ते मोठंच काम होतं. पण ठेक्याच्या गणिताशी हे बीज फार नेमकं जुळलं. संस्थेला मिळालेला हक्क माशावर आहे; काठावर, वनस्पतींवर, पाण्याच्या पातळीवर किंवा वरच्या नाल्यावर नाही. ठेका संपल्यावर तलाव आपल्याकडे राहील याची खात्री नाही. मग काठ सुधारायला पैसे घालण्यापेक्षा बीज आणायचं, सोडायचं, वाढवायचं आणि काढून विकायचं, हेच शहाणपणाचं ठरतं. सोडलेल्या माशाला तलावात अंडी घालायचीच नसतात, म्हणून अंडी घालायची जागा राखण्याचं कारण उरत नाही. त्यात गवत्या मासा पाणवनस्पती खातो आणि सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो. उरलेल्या स्थानिक मासळीची जागा त्यामुळे आणखी आक्रसते. तलाव हे घर राहिलं नाही, माल ठेवायचं गोदाम झालं.

यात नुकसान कुणाचं झालं, तर सगळ्यांत आधी ढिवर घरांतल्या बायकांचं. वर्षातून ठराविक दिवशी निघणारा मोठा मासा व्यापाऱ्याकडे जातो आणि पैसे संस्थेच्या हिशेबात येतात. स्थानिक बारीक मासळी आणि झिंगे मात्र रोज थोडे थोडे मिळत. बायका ते टोपलीत घालून गावोगाव विकत, उरलेलं घरच्या रश्श्यात पडे. तो रोजचा पैसा आणि रोजचं पोषण दोन्ही आटलं. गावच्या उत्पादनाच्या आकड्यांत हे दिसत नाही, कारण ती मासळी कधी मोजलीच गेली नव्हती.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. तलाव वाचवायचे म्हणजे गाळ काढायचा, असं समीकरण गेल्या काही वर्षांत पक्कं झालंय. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’सारख्या योजनांतून काम झालं, साठवण वाढली आणि शेतात सुपीक माती गेली. पण जेसीबीने तलाव काठापासून काठापर्यंत एकसारखा खोल केला की उथळ भागच नाहीसा होतो. वरच्या थरात पाणवनस्पतींचं बी आणि कंद असतात, तेही ट्रॉलीतून जातात. पाणी वाढतं आणि मासा कमी होतो, हे कोडं गावोगाव लोकांना पडलंय. त्याचं उत्तर इथे आहे. खोदाई मधल्या भागात करावी आणि काठाचा उथळ पट्टा हात न लावता सोडावा, एवढी एक अट अंदाजपत्रकात घातली तरी पुष्कळ फरक पडेल. कायद्याचा आधारही तोकडा आहे. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांनी सिंचनासाठी बांधलेली तळी व्याख्येतूनच वगळली. महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस ज्या गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांवर जगतात, ते तलाव या नियमांच्या लेखी पाणथळ जागा ठरत नाहीत.

उलट दिशेने काम करणारी माणसंही याच भागात आहेत. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या परिसरात ढिवरांच्या संस्थांबरोबर हाच धागा हाती घेतला. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते हे ज्ञान ढिवरांकडे होतंच. त्याच्या आधारे बेशरम उपटायचं, उन्हाळ्यात तळाची जमीन मोकळी करायची, जिथे स्थानिक पाणवनस्पती टिकून आहेत तिथून त्या आणून लावायच्या, गवत्या मासा सोडायचा नाही, असं त्यांनी केलं. वनस्पती आल्या, मग स्थानिक मासे आले आणि पक्षीही. यातून कळतं की घर परत उभं करता येतं. पण हे सगळं संस्थेच्या ठेक्याच्या मुदतीत करावं लागतं, ही त्यातली अडचण कायम आहे.

मग मालकी पुन्हा एकाच्या हाती द्यायची का? अजिबात नाही. मालक पाच राहिले तरी चालतील, पण तलावाबाबतचे काही निर्णय पाचांनी एकत्र घ्यायची जागा हवी, आणि ती ग्रामसभाच असू शकते. वनहक्क कायदा २००६ मध्ये सामूहिक हक्कांत मासे आणि पाणवठ्यांच्या इतर उत्पन्नाचा स्पष्ट उल्लेख आहे. गडचिरोली, गोंदियातले जे तलाव वनक्षेत्रात येतात तिथे हा दावा करता येतो. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना १९९६ च्या पेसा कायद्याने लहान पाणवठ्यांच्या व्यवस्थापनात स्थान दिलंय. बाकी गावांत जिल्हा परिषद ठेक्याच्या अटी बदलू शकते. जी संस्था स्थानिक मासळी आणि काठाच्या वनस्पती राखेल तिला लांब मुदत आणि कमी ठेका द्यायचा. मृगाच्या पहिल्या पावसांत चढणीच्या माशांना जाळं लावायचं नाही, हा नियम खालच्या शेतकऱ्यांनाही लागू करायचा, कारण मासे त्यांच्याच बांध्यांत चढतात.

आणि सगळ्यांत आधी, उपसा कुठे थांबवायचा ते ठरवायला हवं. तुडुमाच्या शेवटच्या भोकाच्या पातळीवर पाळीच्या दगडांवर रंगाने एक रेघ ओढायची. पाणी त्या रेघेला आलं की तलावातल्या सगळ्या मोटारी बंद, मग शेत कुणाचंही असो. ही रेघ ओढायला निधी लागत नाही. आज ती ओढण्याचा अधिकार नेमका कुणाचा, हे पाचांपैकी एकाच्याही कागदात लिहिलेलं नाही. येत्या ग्रामसभेत ठराव करून ते लिहून घेता येईल.